एक लाख सत्तर हजार किलोमीटर तार

वाशीम जिल्ह्याच्या रिठद-रिसोड भागातल्या माणसाला पूल म्हटला की पैनगंगेवरचा पूल आठवतो. पात्रात ओळीनं उभे खांब आणि त्यांवरून गेलेला रस्ता. पात्र रुंद निघालं तर खांब वाढवायचे. न्यूयॉर्क आणि न्यू जर्सी यांच्यामधून वाहणाऱ्या हडसन नदीवर हा हिशोब बसेना. पाणी खोल, त्याखाली गाळ, वरून मोठमोठ्या जहाजांची ये-जा. दोन काठांशी दोन मनोरे उभे करायचे, त्यांवरून दोर न्यायचे आणि सगळा रस्ता त्या दोरांना टांगायचा, हाच उपाय उरला. असा टांगलेला जॉर्ज वॉशिंग्टन पूल 25 ऑक्टोबर 1931 रोजी वाहनांसाठी खुला झाला. न्यू जर्सीत स्थायिक झालेली कितीतरी मराठी कुटुंबं आज न्यूयॉर्कला जाताना याच पुलावरून जातात.

दोन मनोऱ्यांमधलं अंतर 1,067 मीटर आहे. त्याआधी जगातला सर्वांत लांब टांगता गाळा डेट्रॉइटच्या अँबेसेडर पुलाचा होता, 564 मीटरचा. विक्रम मोडणारा सहसा थोडाच पुढे जातो. इथे आकडा जवळजवळ दुप्पट झाला. आपल्या वांद्रे-वरळी सागरी सेतूवर तारांनी तोललेले दोन मोठे गाळे आहेत, प्रत्येकी 250 मीटरचे. तसे चार गाळे एकापुढे एक मांडले तरी हडसनवरचा पलीकडचा मनोरा गाठता येत नाही. सागरी सेतू 2009 सालचा, आणि हा पूल त्याच्या 78 वर्षं आधीचा.

आता दोरांकडे येऊ. असे दोर चार आहेत. प्रत्येकाची जाडी 91 सेंटीमीटर आणि प्रत्येकात 26,474 तारा. एकेक तार जेमतेम 5 मिलिमीटरची. कासरा वळताना पीळ देतात, तसा पीळ या दोरांत कुठेच नाही. पीळ दिला की तार तिरपी होते आणि तिची थोडी ताकद वाया जाते. म्हणून सगळ्या तारा शेजारी शेजारी, सरळ आणि समांतर. हजारो टनांचा असा दोर कारखान्यात बनवून आणून वर चढवणं शक्यच नव्हतं. तो नदीच्या वर, हवेतच तयार केला. फिरती चाकं तार घेऊन या काठावरून त्या काठावर जात, परत येत, आणि माणसं प्रत्येक तारेचा ताण जुळवून घेत. चारही दोरांत मिळून 1,05,896 तारा झाल्या. त्या टोकाला टोक जोडल्या तर सुमारे 1 लाख 70 हजार किलोमीटर भरतात. पृथ्वीला चार वेढे घालूनही तार उरते. आपला समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा. त्याच्या 240 पट ही लांबी. यातली एक तार साधारण 3 टन भार पेलते.

या कामात 12 कामगारांनी जीव गमावला. पुलाचे आकडे सांगताना हा आकडा वगळू नये.

पुलाचा अभियंता ऑथमार अम्मान 1879 साली स्वित्झर्लंडमध्ये जन्मला आणि 1904 मध्ये अमेरिकेत आला. मनोऱ्यांना ग्रॅनाइटनं मढवायचं ठरलं होतं, पण मंदीच्या काळात तो खर्च टळला आणि 184 मीटर उंचीचा पोलादी सांगाडा उघडाच राहिला. बरं झालं, ते रूप आजही देखणं आहे. पूल इतका जड होता की वाऱ्यानं तो हेलकावणार नाही, असा अम्मानचा हिशोब होता. म्हणून रस्त्याखाली ताठरपणासाठी लागणारी जाडजूड चौकट त्यानं सुरुवातीला घातलीच नाही. हा हिशोब वजनावर उभा होता. टॅकोमा नॅरोज हा अरुंद आणि हलका पूल 1940 साली चार महिन्यांत वाऱ्यानं पिळवटून पडला, तेव्हा वजनाचं मोल सगळ्यांना कळलं.

पण माझ्या मते अम्मानची खरी थोरवी दुसऱ्या मजल्यात आहे. पूल खुला झाला तेव्हा वाहनांसाठी एकच मजला होता. तरीही दोर, मनोरे आणि पाया पुढे कधीतरी येणाऱ्या खालच्या मजल्याचा भार धरूनच बांधले होते. तो मजला 29 ऑगस्ट 1962 रोजी सुरू झाला. वर 8 आणि खाली 6, अशा एकूण 14 मार्गिका झाल्या. दोरांत एकही तार वाढवावी लागली नाही. पहिल्या वर्षी सुमारे 55 लाख वाहनं गेली होती. आता वर्षाला 10 कोटींहून अधिक जातात. 2011 च्या जनगणनेत वाशीम जिल्ह्याची लोकसंख्या 11,97,160 होती. जिल्ह्यातल्या तान्ह्या बाळासकट प्रत्येकाला एकेक गाडी दिली, तर तेवढ्या गाड्या हा पूल साडेचार दिवसांच्या आत पार करून देतो.

मुख्य दोरांपासून रस्त्यापर्यंत खाली उतरणारे 592 उभे दोर आहेत. पूल सुरू ठेवूनच ते सगळे बदलण्याचं काम हाती घेतलं गेलं. मुलांकडे न्यू जर्सीला जाणं झालं, तर हे दोर जवळून बघण्यासाठी एकदा पुलावरून पायी जा. टोल फक्त न्यूयॉर्ककडे जाणाऱ्या वाहनांना आहे, चालणाऱ्याला नाही.