गोसीखुर्दचा हिशेब कोणी वाचावा?

भंडारा जिल्ह्यातील पवनी तालुक्यात, वैनगंगेवरील गोसीखुर्द धरणाचे भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाले. त्या वर्षी बाविसाव्या वर्षी सरकारी नोकरीत लागलेला कारकून आज निवृत्तिवेतन घेत आहे. प्रकल्प मात्र २०२५ सालीही 'चालू कामे' या सदराखालीच होता. नागपूर, भंडारा व चंद्रपूर या तीन जिल्ह्यांतील सुमारे अडीच लाख हेक्टर जमिनीला पाणी देण्याचे अभिवचन ज्या योजनेने दिले, तिच्या दिरंगाईविषयी विदर्भात संताप पुष्कळ आहे. पण तिच्या हिशेबाविषयीचे ज्ञान त्या मानाने फारच थोडे आहे. संतापाला आकड्यांचा आधार नसला की त्याचे रूपांतर एका मोर्चात आणि दोन निवेदनांत होते, आणि कालवा होता तिथेच राहतो.

आकडे मुळीच दुर्बोध नाहीत. १९८३ साली प्रकल्पाला मान्यता मिळाली तेव्हा अंदाजित खर्च ३७२ कोटी रुपये होता. २००८ च्या सुमारास तो ७,७७७ कोटींवर गेला, पुढे १८ हजार कोटी ओलांडून २०२५ च्या सुधारित मान्यतेत सुमारे २६ हजार कोटींवर पोचला. मूळ रकमेच्या हे जवळजवळ सत्तरपट होते. 'महागाई वाढली' हे याचे नेहमीचे उत्तर. परंतु या काळात सर्व किमती वीसपट झाल्या असे धरले, तरी ३७२ कोटींचे साडेसात हजार कोटीच होतात. उरलेल्या वाढीचे स्पष्टीकरण भूसंपादन, पुनर्वसन, संकल्पचित्रांतील बदल, कामाच्या व्याप्तीतील वाढ आणि मुख्यतः विलंब यांतच शोधावे लागते.

हा विलंब केवळ अभियंत्यांच्या वा ठेकेदारांच्या आळसातून जन्मत नाही. त्याचे मूळ अर्थसंकल्पाच्या रचनेत आहे. भूमिपूजनाला टाळ्या मिळतात, वितरिकेच्या शेवटच्या दरवाजाला त्या मिळत नाहीत. साहजिकच अपुऱ्या निधीत अनेक योजना एकाच वेळी सुरू केल्या जातात आणि प्रत्येकीच्या वाट्याला दरवर्षी थोडी थोडी रक्कम येते. दहा विहिरी प्रत्येकी दहा हात खणून एकीलाही पाणी लागू नये, तसा हा प्रकार होय. अपुऱ्या कामात अडकलेला पैसा पीक देत नाही, पण त्याचे व्याज थांबत नाही. आठ टक्के दराने शंभर कोटींचा बोजा नऊ वर्षांत दोनशे कोटींचा होतो. जलाशयात पाणी साठलेले आणि लाभक्षेत्रातील शेतकरी मात्र आभाळाकडे पाहणारा, या दृश्याची किंमत अंदाजपत्रकाच्या कोणत्याही रकान्यात लिहिलेली नसते.

निधीचे मार्ग मात्र वेळोवेळी बदलत गेले. १९९६ मध्ये केंद्राचा वेगवर्धित सिंचन लाभ कार्यक्रम आला, १९९७ मध्ये विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळ स्थापन झाले आणि २००९ मध्ये गोसीखुर्दला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. नव्वद टक्क्यांपर्यंत भार केंद्राने उचलावा, हा त्या दर्जाचा अर्थ होता. 'केंद्राचा पैसा आला' म्हणून तेव्हा समाधान व्यक्त झाले. वस्तुतः केंद्राचा म्हणून निराळा पैसा कोठेच नसतो. साबणाच्या वडीवर जो कर भरला जातो, तोच दिल्लीस जाऊन परत येतो. त्यामुळे पैसा कोणत्या खात्यातून आला याहून तो किती वर्षे अडकून पडला, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

विकसनशील देशांत हा अनुभव सार्वत्रिक आहे. श्रीलंकेने परकीय कर्जाने हंबनटोटा बंदर बांधले. पुरेसे उत्पन्न न आल्याने २०१७ साली ते नव्याण्णव वर्षांच्या भाडेपट्ट्याने चिनी कंपनीकडे गेले. देणारा कोणीही असो, कामाचा लाभ किती व केव्हा मिळणार हे ज्या समाजाने आरंभी विचारले नाही, त्याला ते शेवटी विचारावे लागते.

या हिशेबात पैशांपलीकडील रकानेही आहेत. बुडीत क्षेत्रातील गावांनी जमीन आधी दिली. त्यांच्यासाठीचे सुमारे १,२०० कोटींचे विशेष पॅकेज २०१३ मध्ये, म्हणजे भूमिपूजनानंतर पंचवीस वर्षांनी जाहीर झाले. शिवाय नागपूर शहराचे सांडपाणी वाहणारी नाग नदी कन्हानमार्गे अंभोऱ्याजवळ वैनगंगेस मिळते आणि तेच पाणी याच जलाशयात येते. नाग नदीच्या शुद्धीकरणाचा सुमारे १,९२७ कोटींचा प्रकल्प केंद्राने २०२२ मध्ये मंजूर केला. धरणाच्या विलंबाबद्दल मुंबईला दोष देणाऱ्या नागपूरकराने आपल्या दारातील गटाराचा हिशेबही मांडणे न्याय्य ठरेल.

सामान्य माणसाने आकडे वाचून काय साधते, असे विचारले जाईल. १९८४ साली दांडेकर समितीने अनुशेष मोजला. ३,१८६ कोटींपैकी ३९ टक्के अनुशेष विदर्भाचा असल्याचे दाखविले, आणि केवळ भावनेची असलेली तक्रार प्रमाणाने सिद्ध झाली. दशकभरात सिंचनाचे प्रमाण जेमतेम ०.१ टक्क्याने वाढल्याचा आकडा राज्याच्या २०११-१२ च्या आर्थिक पाहणीत छापला गेला. तो आकडा कोणीतरी वाचला, झालेल्या खर्चाशेजारी ठेवला, आणि त्याच वर्षाअखेर शासनाला श्वेतपत्रिका काढावी लागली. आकडा सरकारचाच होता. बळ आले ते वाचकामुळे. उलट, ज्यांच्या कामाचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे ठेवणे घटनेने अपेक्षिले होते, त्या विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली, तेव्हा सर्वसामान्यांत त्याची फारशी चर्चाही झाली नाही.

म्हणून लोकजागृती म्हणजे फलक आणि प्रभातफेऱ्या नव्हेत. लाभक्षेत्रातील प्रत्येक ग्रामपंचायतीत दरवर्षी एक पानाचा मराठी तक्ता लागावा: आजवरचा खर्च, उरलेला खर्च, यंदा प्रत्यक्ष भिजलेले हेक्टर आणि देखभालीची तरतूद. माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्याने अशी माहिती आपण होऊन प्रसिद्ध करण्याचे बंधन शासकीय कार्यालयांवर घातलेलेच आहे. विधिमंडळापुढे येणारे महालेखापरीक्षकांचे अहवाल महाविद्यालयांच्या अर्थशास्त्राच्या वर्गांत वाचले जावेत. टक्केवारीची गणिते काल्पनिक दुकानदाराच्या नफ्यावर शिकविण्याऐवजी आपल्याच कालव्याच्या खर्चावर शिकविली, तर पुढची पिढी अंदाजपत्रकाला घाबरणार नाही.

याची निकड आज अधिक आहे. गोसीखुर्दच्याच जलाशयातून पाणी उचलून बुलढाण्यापर्यंत नेणाऱ्या वैनगंगा-नळगंगा नदीजोड प्रकल्पास राज्याने २०२४ मध्ये मान्यता दिली. लांबी सुमारे ४२६ किलोमीटर, अंदाजित खर्च ८७ हजार कोटींहून अधिक. पश्चिम विदर्भातील कोरडवाहू शेतकऱ्याची पाण्याची गरज खरी आहे. तिची थट्टा कोणी करू नये. परंतु पहिल्या योजनेचा खर्च सत्तरपट का झाला, याचे उत्तर मिळण्यापूर्वी दुसरीचा आकडा मुकाट्याने स्वीकारणे म्हणजे जुन्या उधारीची वही न उघडता नवी उधारी मांडणे होय. दरवर्षी किती निधी मिळेल, कोणते कालवे आधी पूर्ण होतील, आणि पवनीच्या शेतकऱ्याला कबूल केलेले पाणी त्यानंतरही शिल्लक राहील काय, हे तीन प्रश्न कुदळ पडण्यापूर्वीच विचारले गेले पाहिजेत. ते विचारण्यासाठी मोठ्या पांडित्याची गरज नाही. शिक्षकाचा खडू, कारकुनाची हिशेबी नजर आणि विद्यार्थ्याची चिकाटी एवढे भांडवल पुरेसे आहे.