मला वाटतं... म्हणजे नक्की काय?

‘आय थिंक’ हे दोन शब्द ऑफिसात तुम्ही दिवसातून किती वेळा टाइप करता? ‘आय थिंक काम झालंय.’ ‘आय थिंक क्लायंट खूश आहे.’ मस्त कुशन आहे राव! बरोबर निघालं तर क्रेडिट आपलं, फसलं तर ‘मी नुसतं थिंक म्हणालो होतो’.

कोपनहेगनमध्ये नोकरीला आलो, डॅनिश शिकायला लागलो आणि हे कुशन गेलं. या भाषेत ‘थिंक’ला एकच क्रियापद नाही. डोकं चालवणं म्हणजे ‘तेन्के’. नुसता अंदाज असेल तर ‘त्रो’. स्वतः अनुभव घेऊन मत झालं असेल तर ‘स्यूनेस’. (ठाम भूमिकेसाठी ‘मेने’ आहे, पण ते सध्या ऑप्शनला टाकू.) पोस्टर बघून ‘पिक्चर चांगला असेल’ म्हणायचंय? त्रो. थिएटरबाहेर पडताना ‘आवडला बुवा’? स्यूनेस. न बघता स्यूनेस म्हणालात, तर समोरचा सहज विचारणार, ‘अरे, कधी बघितलास?’

आपण मराठीत ‘वाटतं’वर दोन्ही खपवतो. फरक दाखवायचाच असेल तर ‘आहे’ आणि ‘असेल’वर ढकलतो.

गंमत मीटिंगमध्ये येते, कारण ती इंग्लिशमध्ये असते. ‘आय थिंक इट वर्क्स’ ऐकलं की आमची डॅनिश टीम लीड थांबते. ‘चालवून बघितलंस, की अंदाज आहे?’ पुण्याहून कॉलवर असलेल्यांचे चेहरे पडतात. बाईंचा आपल्यावर विश्वासच नाही! तसं नाहीये हो. तिच्या भाषेत हा प्रश्न क्रियापदातच सुटलेला असतो, इंग्लिशमध्ये तो तोंडाने विचारावा लागतो. तीच गत ‘स्कल’ची. ‘वीकेंडला काय करणारेस?’ या साध्या प्रश्नातही डॅनिश माणूस ते वापरतो. तोच इंग्लिश मेलमध्ये ‘यू शॅल’ लिहितो, तेव्हा थेट हुकूम वाटतो. दुखावण्याआधी मनातल्या मनात ‘शॅल’ खोडून वाचा.

काही ठिकाणी मात्र मराठी माणसाची चांदी आहे. इंग्लिशचं एकटं ‘नो’ इथे दोघांत वाटलंय: गोष्ट माहीत असणं ‘वीदे’, माणसाला ओळखणं ‘केने’. ‘लिव्ह’चंही तसंच. राहणं ‘बो’, जगणं ‘लेवे’. आपल्याला हे शिकवावं लागत नाही, इंग्लिशवाले अडखळतात.

आणि मग हीच काटेकोर भाषा अचानक ढिली पडते. शिकणं आणि शिकवणं, दोन्हीला ‘लेरे’. उसनं घेणं आणि देणं, दोन्हीला ‘लोने’! त्यामुळे एखादा डॅनिश सहकारी इंग्लिशमध्ये ‘कॅन आय लेंड युअर बायसिकल?’ म्हणाला, तर गोंधळू नका. त्याला तुमची सायकल हवी आहे. इथे बाईकपेक्षा सायकललाच जास्त भाव आहे, तेव्हा संध्याकाळी परत कधी आणणार, एवढं मात्र विचारून घ्या.