स्वतःहून निघण्याआधी

अमेरिकेत कागदपत्रांविना राहणाऱ्याला हद्दपार होण्यापेक्षा स्वतःहून निघालेले बरे वाटते. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी लष्करी विमानाने अमृतसरला उतरवलेल्या १०४ भारतीयांपैकी अनेकांना हातापायांत बेड्या घालून आणले होते. ते आठवले की हे पटतेही. हद्दपारीच्या आदेशामुळे साधारणपणे दहा वर्षे प्रवेश बंद होतो. न्यायाधीशांनी स्वेच्छेने जाण्याची परवानगी दिली, तर तो डाग टळतो; मुदत मात्र फार तर १२० दिवस, खटल्याच्या शेवटी ६०च. खरी मेख पुढेच आहे. वर्षभर किंवा अधिक काळ बेकायदा राहिलेला माणूस स्वतः तिकीट काढून गेला, तरी दहा वर्षांची बंदी त्याला लागतेच. खटला चालू असताना परस्पर निघून गेला, तर तारखेला गैरहजर म्हणून त्याच्यामागे हद्दपारीचाच आदेश निघू शकतो.

कायदा मोडणाऱ्याला निवड कशाला, असा सवाल केला जातो. पण स्वेच्छेने जाण्याची तरतूद त्याच कायद्यातली आहे, कुणाची मेहेरबानी नव्हे. शिवाय इमिग्रेशन न्यायालयांत सहसा सरकारी खर्चाने वकील मिळत नाही. कोठडीला कंटाळून स्वेच्छेने जाण्याच्या कागदावर सही करणाऱ्याला आपण आश्रय मागण्याचा हक्क सोडतो आहोत, हे अनेकदा कळतच नाही. अशा सहीला स्वेच्छा म्हणणे मला मान्य नाही.