पायगुणाची समजूत आणि दुःखाचें औषध

घरांत अकाली मृत्यु घडला कीं मागें राहिलेल्या सुनेकडे वळणाऱ्या नजरा धुळें-जळगांवकडील घरांना अपरिचित नाहींत. उघड कोणी बोलत नाहीं. तथापि 'पायगुण' हा शब्द माजघरांत कुजबुजला जातो आणि अखेरीस तिच्याच मनांत ठाण मांडून बसतो. पतिवियोगाचें दुःख काळानें सौम्य होतें. 'मीच अपशकुनी' ही समजूत मात्र काळाबरोबर मुरत जाते. ह्या दोहोंतील भेद ओळखणें, हीच सावरण्याची पहिली पायरी होय.

न्यूयॉर्क येथील मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस (१९१३–२००७) ह्यांनीं १९५५ पासून ह्याच भेदावर आपली उपचारपद्धति उभारली. घटना आणि मनःस्थिति ह्यांच्यामध्यें त्या घटनेविषयींची आपली समजूत उभी असते, असें त्यांचें प्रतिपादन. घडलेली घटना बदलत नाहीं. समजूत तपासतां येते. मुंबईचे कि. मो. फडके ह्यांनीं एलिस ह्यांच्याशीं पत्रव्यवहार करून ही पद्धति आत्मसात केली व आपल्याकडे रुजविली. मराठींत तिला विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणतात.

समजूत तपासावयाची कशी? न्यायालयांत साक्षीदाराची उलटतपासणी होते, तशी. पायगुणानें माणूस मरतो, ह्यास पुरावा काय? ज्या घरांत नवी सून आली नाहीं, तेथें मृत्यु येत नाहीं काय? हाच न्याय आपण विधुर झालेल्या दिरास लावतों काय? ही समजूत उराशीं धरून मुलांचें कोणतें हित साधतें? उत्तरें कागदावर लिहावीं. पुनःपुन्हां लिहितां लिहितां 'माझ्यामुळें झालें' ह्या वाक्याच्या जागीं 'झालें तें फार वाईट झालें. पण तें मीं केलें नाहीं' हें वाक्य उभें राहतें. दुःख उरतें, अपराधाची टोचणी ओसरते. हा उपचार 'रडूं नकोस' असें सांगत नाहीं, हें मात्र ध्यानांत ठेवावें.

खानदेशास ही दृष्टि परकी नाहीं. जळगांवजवळील असोदें गांवीं जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) ह्यांना ऐन तिशींत वैधव्य आलें. त्यांना अक्षरओळख नव्हती. तथापि १९५२ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या गाण्यांत त्या ज्योतिष्यास 'दारीं येऊं नकोस' असें बजावतात, आणि बांगड्या फुटल्या तरी मनगटांतलें कर्तृत्व शाबूत आहे, अशी ग्वाही आपल्याच जिवाला देतात.

परंतु एकट्या सुनेनें विचार बदलून भागत नाहीं. समजूत साऱ्या घराची असते. कोल्हापूर जिल्ह्यांतील हेरवाड ग्रामपंचायतीनें मे २०२२ मध्यें विधवाप्रथा बंद करण्याचा ठराव केला. जें एका गांवास साधलें, तें एका कुटुंबास कां साधूं नये? झोंप, अन्न आणि जगण्याची इच्छाच उडाली असेल, तर विलंब न लावतां मानसोपचारतज्ज्ञांकडे जावें. शासनाची टेलिमानस ही दूरध्वनिसेवा १४४१६ ह्या क्रमांकावर आहे. एरवीं घरच्या वडीलधाऱ्या स्त्रीनें येत्या हळदीकुंकवास पहिलें बोलावणें ह्या सुनेला करावें. तेवढ्यानें दुःख सरणार नाहीं. पण तिच्या मनांतील त्या एका शब्दाविरुद्ध पहिली साक्ष घरांतूनच नोंदली जाईल.