शाळेचा आणि सोसायटीचा संगणक : पैसा कशावर घालावा?

मंडळी, विहिरीवर नवी मोटार बसवायची म्हटली की आपला शेतकरी दुकानात शिरण्याआधीच हिशेब करून ठेवतो. विहीर किती खोल, उन्हाळ्यात पाणी कुठवर उतरते, पाइप किती इंची, रान किती लांब, हे त्याला ठाऊक असते. नुसती मोठ्या हॉर्सपॉवरची मोटार आणली आणि विहिरीत पाणीच नसले, तर पीक भिजत नाही, विजेचे बिल तेवढे वाढते. हे शहाणपण आपल्याला कुणी शिकवावे लागत नाही.

पण हाच शेतकरी दूध सोसायटीचा संचालक म्हणून संगणक घ्यायला साताऱ्याला किंवा सांगलीला गेला, की दुकानदाराच्या "याचा प्रोसेसर लई जोरात आहे" या एका वाक्यावर मान डोलावतो. शाळेच्या गुरुजींचेही पुष्कळदा तेच होते. पैसा लोकवर्गणीचा किंवा सभासदांचा असतो. वर्षभराने यंत्र रेंगाळू लागते, किंवा हिशेबात काहीतरी चुकते, आणि मग "संगणक घेतला तेच चुकले" असे लोक म्हणू लागतात. म्हणून मोटारीला लावतो तोच हिशेब संगणकाला कसा लावावा, ते आज पाहू.

आधी दोन शब्द समजून घेऊ. जे यंत्र एकटे बसून इतर अनेक यंत्रांना माहिती पुरवते, सर्वांचे दप्तर सांभाळते, त्याला सर्व्हर म्हणतात. आणि ज्या यंत्रावर एकच माणूस जड काम करतो, नकाशे काढतो किंवा यंत्रांच्या भागांची रेखाटने करतो, ते वर्कस्टेशन. मोठ्या बँकांच्या सर्व्हरमध्ये दोन-दोन प्रोसेसर असतात. आपल्या सोसायटीला, पतसंस्थेला, माध्यमिक शाळेला एका प्रोसेसरचा सर्व्हर पुरून उरतो. दुसऱ्या प्रोसेसरची जागा असलेले महाग यंत्र "पुढेमागे लागेल" म्हणून घेऊ नये. बहुतेक ठिकाणी ती जागा शेवटपर्यंत रिकामीच राहते.

आता पहिला प्रश्न : काम कोणते? याचे उत्तर आपल्या शेजारीच घडले आहे. १९९८ साली वारणेच्या खोऱ्यात, कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील ७० गावांसाठी, 'वायर्ड व्हिलेज' ही योजना सुरू झाली. वारणेच्या सहकारी संस्थांच्या आधाराने गावोगावी संगणक-केंद्रे उघडली. बाजारभाव, शेतीसल्ला, सरकारी दाखले, असे पुष्कळ काही त्यांवरून मिळावे, अशी कल्पना होती. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या संशोधकांनी पाहणी केली. तेव्हा दिसले ते असे, की केंद्रावरचा मुख्य व्यवहार उसाचा : नोंद, तोडीची परवानगी, वजन आणि खते. तेवढ्यासाठी प्रत्येक गावात संगणक आणि त्याची दुरुस्ती परवडेना. मग ७ गावांत त्यांनी प्रयोग केला. गावातला संगणक काढून साधा मोबाइल फोन दिला. फोनवरून संदेश पाठवायचा, आणि मध्यवर्ती ठिकाणच्या संगणकाने उत्तर द्यायचे. काम चालले, खर्च उतरला.

यातून दोन गोष्टी घ्याव्यात. गावाच्या टोकाला हलके साधन चालते. पण मधले यंत्र, ज्यात सर्वांची वजने आणि रकमा राहतात, ते मात्र भरवशाचे हवे. पैसा घालायचा तो तिथे.

विकास सेवा सोसायट्यांच्या चिटणीसांनी आणखी एक गोष्ट तपासावी. २०२२ च्या जूनमध्ये केंद्र सरकारने ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाची २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. तीत हिशेबाची प्रणाली सर्वांना समाईक आहे. आपली सोसायटी तीत असेल, तर गावात निराळा सर्व्हर हवाच आहे का, हे आधी विचारावे. नसेल हवा, तर तो पैसा वाचला.

आता यंत्राच्या पोटात डोकावू. कचेरीतला एक कारकून डोळ्यांपुढे आणा. हिशेब करणारा कारकून म्हणजे प्रोसेसर. त्याच्या पुढचे टेबल म्हणजे मेमरी. आणि मागचे कपाट म्हणजे डिस्क, जिथे दप्तर कायमचे राहते. कारकून कितीही हुशार असो, टेबल जर पाटाएवढे असेल तर एक वही मांडली की दुसरी कपाटात ठेवायला त्याला उठावे लागते. दिवसभर त्याची उठबस चालते आणि काम पडून राहते. "संगणक अडकतो" ही जी तक्रार आपण ऐकतो, तिचे कारण पुष्कळदा हेच असते. कारकून मंद नसतो, टेबल अपुरे असते.

म्हणून माझा सल्ला असा. प्रोसेसर मध्यम घ्या आणि उरलेला पैसा मेमरीत घाला. शाळेतल्या मुलांच्या यंत्राला ८ जीबी मेमरी चालते. वर्गातल्या वीस यंत्रांच्या फायली सांभाळणाऱ्या सर्व्हरला १६ जीबी असावी. जिथे पाच-दहा खिडक्यांवर एकाच वेळी नोंदी होतात, अशा पतसंस्थेला ३२ जीबी घेतलेली बरी. कराडच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात किंवा सांगलीच्या वालचंद महाविद्यालयात शिकणारी आपली मुलगी घरी यंत्ररेखाटने करणार असेल, तर तिच्या वर्कस्टेशनलाही ३२ जीबीपासूनच सुरुवात करावी.

मेमरी घेताना सारख्या मापाच्या दोन पट्ट्या घ्याव्यात. बहुतेक यंत्रांत प्रोसेसरकडे जाणाऱ्या दोन वाटा असतात. १६ ची एकच पट्टी लावली तर एक वाट ओस पडते, ८-८ च्या दोन लावल्या तर दोन्ही वाहतात. आणि चार जागांचा बोर्ड मिळाला तर दोन जागा रिकाम्या ठेवा, म्हणजे पुढे वाढवता येते. २०२५ च्या उत्तरार्धात मेमरीचे भाव जगभर चढले. अशा वेळी गरजेपुरती घेऊन वाढीची सोय राखणे, हे शहाणपणाचे.

प्रोसेसरचे काय? एका प्रोसेसरमध्ये अनेक कोअर असतात. एकेक कोअर म्हणजे एकेक कारकूनच समजा. हिशेबाच्या पुष्कळशा कामांत एका नोंदीनंतर दुसरी करावी लागते, तिथे आठ कारकून असले तरी सात बसून राहतात. अशा कामाला थोडे पण चपळ कोअर बरे. सोसायटीच्या सर्व्हरला ४ ते ६ कोअर पुरेत. रेखाटने, चित्रफिती, नकाशे अशा कामांत मात्र काम वाटून घेता येते, तिथे ८ किंवा अधिक कोअरांचा उपयोग होतो.

आता ज्या गोष्टीसाठी हे सारे सांगायला बसलो, तिच्याकडे येतो. ती दुकानदार सहसा सांगत नाही. मेमरीतला एखादा आकडा आपोआप बदलू शकतो.

संगणक सारे आकडे ० आणि १ यांतच लिहितो. आपल्या एकं, दहं, शतं प्रमाणे त्याची स्थाने १, २, ४, ८ अशी दुपटीने चढतात. तेरावे स्थान येते ४,०९६ चे. २००३ च्या मे महिन्यात बेल्जममध्ये निवडणूक झाली. ब्रुसेल्सजवळच्या स्कारबेक येथे एका उमेदवाराला शक्य होती त्यापेक्षा जास्त मते पडलेली दिसली. फेरमोजणी केली तेव्हा फरक निघाला बरोबर ४,०९६ चा. यंत्र तपासले, दोष सापडेना. शेवटी तज्ज्ञांनी तर्क केला, की मेमरीतल्या तेराव्या स्थानी ० चा १ झाला असावा. वीजप्रवाहातला गोंधळ, पट्टीतला दोष, आकाशातून येणारे सूक्ष्म कण, यांपैकी कशानेही असे होऊ शकते.

हे आपल्या गावात आणून पाहा. एका उत्पादकाचे दुधाचे बिल आहे ५,३५० रुपये. सोप्यात सांगायचे तर, तेराव्या स्थानचा १ पुसला जाऊन तिथे ० झाला, की बिल उरते १,२५४. कुणी चोरी केली नाही, कुणी चुकीचे लिहिले नाही. पण संशय मात्र चिटणीसावर येतो. बेल्जममधली मते अशक्य ठरली म्हणून पकडली तरी गेली. १,२५४ रुपयांचे बिल कुणाला अशक्य वाटणार?

असे क्वचितच घडते, हे खरे. पण २००९ साली गूगलच्या यंत्रांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात वर्षभरात मेमरीच्या शंभरातल्या आठांहून अधिक पट्ट्यांत चुका आढळल्या होत्या. त्या यंत्रांत चूक ओळखणारी मेमरी होती, म्हणून तर त्या मोजता आल्या. या मेमरीला ई.सी.सी. म्हणतात, म्हणजे चूक शोधून दुरुस्त करणारी मेमरी. तिच्यामागची युक्ती अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० साली प्रसिद्ध केली.

गुरुजी, ही युक्ती वर्गात चिंचोक्यांनी दाखवता येते. फोडलेला चिंचोका एका बाजूने पांढरा, दुसऱ्या बाजूने काळा. चार ओळी आणि चार रांगा करून सोळा चिंचोके कसेही मांडा. मग प्रत्येक आडव्या ओळीच्या शेवटी एक आणि प्रत्येक उभ्या रांगेच्या खाली एक, असे आठ जादा ठेवा. ते असे ठेवायचे की प्रत्येक ओळीत आणि रांगेत पांढऱ्यांची संख्या सम होईल. आता डोळे मिटा आणि एखाद्या मुलाला सोळांपैकी एक चिंचोका उलटायला सांगा. ज्या ओळीत आणि ज्या रांगेत पांढरे विषम झाले, त्यांच्या छेदावर चोर सापडतो. तो सरळ केला की झाले. दोन एकदम उलटले, तर काहीतरी बिघडले एवढे कळते, पण नेमके कुठे ते सांगता येत नाही. ई.सी.सी. मेमरी हेच करते. ६४ अंकांमागे ती ८ जादा अंक पहाऱ्याला ठेवते, एक चूक दुरुस्त करते आणि दोन झाल्या तर ओरडून सांगते.

अशी मेमरी घ्यायची तर पट्टी, बोर्ड आणि प्रोसेसर, तिघांचाही तिला होकार लागतो. नेहमीच्या घरगुती यंत्रात तो बहुधा नसतो. एका प्रोसेसरच्या स्वस्त सर्व्हरसाठी इंटेलचा झिऑन ई वर्ग आहे. २०२४ च्या मे महिन्यात ए.एम.डी.चा एपिक ४००४ हा वर्ग आला, त्यात ४ पासून १६ कोअरपर्यंतचे नमुने आहेत. दोहोंना ही सोय आहे. ए.एम.डी.च्या कित्येक रायझन प्रोसेसरांतही ती असते, पण बोर्ड बनवणाऱ्याने ती दिली आहे की नाही, ते बोर्डाच्या माहितीपत्रकात वाचूनच घ्यावे.

इथे दोन ठिकाणी फसगत होते. डी.डी.आर. ५ जातीच्या प्रत्येक पट्टीच्या चिपमध्ये थोडी दुरुस्तीची सोय असते, आणि विक्रेता तेवढ्यावर "ही ई.सी.सी.च आहे" म्हणतो. ती सोय चिपच्या आतल्यापुरती असते. चिप आणि प्रोसेसर यांच्या वाटेवर झालेली चूक तिला दिसत नाही. दुसरे, मोठ्या सर्व्हरांतली 'रजिस्टर्ड' मेमरी जुन्या बाजारात स्वस्त मिळते. वर सांगितलेल्या लहान सर्व्हरांत ती चालत नाही.

जुनी यंत्रे घेऊ नयेत असे नाही. कंपन्यांनी काढलेले संगणक शाळेला उपयोगी पडतात. पण विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली, आणि विंडोज ११ इंटेलच्या साधारण आठव्या पिढीपासूनच्याच प्रोसेसरांवर अधिकृतपणे चालते. त्याहून जुने यंत्र घ्यायचे तर त्यावर लिनक्स घालण्याची तयारी ठेवावी.

शेवटी एक इशारा. चांगली मेमरी म्हणजे दप्तराची दुसरी प्रत नव्हे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर चढले. तळमजल्यावरच्या यंत्रात ई.सी.सी. असली काय आणि नसली काय! सर्व्हर वरच्या मजल्यावर ठेवावा, वीज गेली तर सावकाश बंद करण्यापुरता यू.पी.एस. जोडावा, आणि हिशेबाची एक प्रत रोज दुसऱ्या जागी, शक्य तर दुसऱ्या गावी ठेवावी.

तेव्हा मंडळी, दुकानात जाण्यापूर्वी सभेत बसून एका कागदावर चार ओळी लिहा. काम कोणते आहे? एका वेळी किती माणसे यंत्र वापरतील? यात कुणाच्या पैशाचा हिशेब राहणार आहे का? आणि आणखी मेमरी लावायला जागा आहे का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'होय' असेल, तर दोन कोअर कमी घ्या, चकचकीत डबा नको म्हणा, पण चूक ओळखणारी मेमरी मागून घ्या. आपल्या सभासदाने पहाटे उठून काढलेल्या दुधाचा आकडा त्या पट्टीवर राहणार आहे. तो जसा लिहिला तसाच राहिला पाहिजे.