वर्दी मिळाली, पेन्शन का नाही? विंग कमांडर तय्यबा यांच्या खटल्याची गोष्ट

मागच्या पालकसभेनंतर एका मुलीचे अब्बा आमच्यापाशी थांबले. मुलगी दहावीत आहे, अभ्यासात बरी, पळण्यात शाळेत पहिली. म्हणाले, "टीचर, पोरगी फौजेत जायचं म्हणते. वर्दी ठीक आहे हो, पण पुढं काय? पस्तिशीत घरी पाठवलं तर?" आम्हाला वाटलं होतं ते 'लोक काय म्हणतील' हे विचारतील. त्यांनी मुद्द्याचं विचारलं. म्हणून त्यांना जे सांगितलं तेच इथे लिहीत आहोत.

आपल्या सैन्यात नर्स आणि डॉक्टर म्हणून महिला पूर्वीपासून होत्या. इतर शाखांत अधिकारी म्हणून त्यांना १९९२-९३ च्या सुमारास घ्यायला सुरुवात झाली. पण प्रवेश मिळाला तो 'शॉर्ट सर्व्हिस कमिशन'वर, म्हणजे ठरावीक वर्षांची नोकरी. आधी पाच वर्षे, मग मुदतवाढ. पुढे लष्करात ही मर्यादा १४ वर्षांपर्यंत गेली. पूर्ण वयापर्यंतची नोकरी म्हणजे 'पर्मनंट कमिशन', आणि ते बहुतेक शाखांत फक्त पुरुषांना मिळत होतं.

आता फळ्यावरचं गणित बघा. सैन्यातल्या अधिकाऱ्याला पेन्शन मिळायला किमान २० वर्षे सेवा लागते. १४ वर्षांनी बाहेर पडणाऱ्या बाईला सहा वर्षे कमी पडतात. म्हणजे तारुण्य सैन्यात गेलं आणि चाळिशीच्या आत नोकरीही नाही, पेन्शनही नाही. हातात एकरकमी पैसे तेवढे येतात.

निवृत्त विंग कमांडर ए. यू. तय्यबा आणि त्यांच्या सहकारी अशा एकूण ३२ महिला अधिकाऱ्यांच्या बाबतीत हेच घडलं. त्या १९९३ ते १९९८ या काळात हवाई दलात दाखल झाल्या. नोव्हेंबर १९९१ च्या धोरणानुसार पाच वर्षांनंतर पर्मनंट कमिशनसाठी आपला विचार होईल, अशी त्यांची अपेक्षा होती. तसं झालं नाही. आधी सहा आणि नंतर चार वर्षांची मुदतवाढ मिळाली, आणि २००६ च्या डिसेंबरपासून २००९ पर्यंत एकेक करून त्या सेवेतून बाहेर पडल्या.

दरम्यान कोर्टातली लढाई सुरू झाली होती. वकील बबिता पुनिया यांनी २००३ मध्ये दिल्ली हायकोर्टात याचिका केली, पुढे महिला अधिकारी स्वतःही कोर्टात गेल्या. १२ मार्च २०१० ला हायकोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. लष्कराचं प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि तिथे आणखी दहा वर्षे गेली. गावाकडून आलेले जवान बाईचा हुकूम मानायला मनाने तयार नाहीत, बायकांना घरची जबाबदारी असते, अशी कारणं सरकारतर्फे मांडली गेली. १७ फेब्रुवारी २०२० ला कोर्टाने ती सगळी बाजूला सारली. त्या निकालात महिला अधिकाऱ्यांच्या कामाचे दाखले दिले आहेत. त्यात लेफ्टनंट कर्नल सोफिया कुरेशी यांचं नाव आहे. २०१६ मध्ये पुण्यात झालेल्या 'फोर्स १८' या अनेक देशांच्या सरावात भारतीय तुकडीचं नेतृत्व त्यांनी केलं होतं. हाच तो चेहरा, जो मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरची माहिती देताना सगळ्या देशाने पाहिला.

तय्यबा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा निकाल १६ नोव्हेंबर २०२२ ला लागला. इतक्या वर्षांनी त्यांना पुन्हा वर्दीत घेणं शक्य नाही, हे कोर्टाने मान्य केलं. पण त्यांनी २० वर्षे सेवा पूर्ण केली असं धरून, हवाई दलाच्या तपासणीत योग्य ठरल्यास त्यांना पेन्शन द्यावी, असं सांगितलं. मधल्या वर्षांचा पगार मिळणार नाही. पेन्शनची थकबाकी मात्र वीस वर्षे पूर्ण झाली असं धरलेल्या तारखेपासून मिळेल. गेलेली वर्षे आणि हुकलेली बढती परत आली नाही. पण म्हातारपणीचा आधार आला.

पेन्शन ही सरकारने दिलेली खैरात नाही, केलेल्या कामाचा हक आहे, हे सुप्रीम कोर्टाने १९८२ मध्येच नाकारा खटल्यात सांगितलेलं आहे. आम्हा शिक्षकांना हे वेगळं समजावून सांगायला नको. मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी राज्यभर संप झाला तो याचसाठी.

आज मुलींसाठी रस्ता मोठा झाला आहे. २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने एनडीएची परीक्षा मुलींना खुली झाली आणि ३० मे २०२५ ला खडकवासल्याहून १७ मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. एनडीएतून गेलं की थेट पर्मनंट कमिशन. लष्कराच्या शाखेसाठी कोणत्याही विषयातून बारावी चालते. हवाई दल आणि नौदलासाठी फिजिक्स-मॅथ्स लागतं. म्हणजे दहावीनंतर विषय निवडतानाच हा विचार करावा लागतो. नाशिकला मुलींसाठी सरकारी तयारी संस्थाही आहे.

सगळ्याच भरत्या मात्र सारख्या नसतात. अग्निवीर चार वर्षांची, तिला पेन्शन नाही. चार वर्षांनंतर जास्तीत जास्त २५ टक्के जणांनाच पुढे ठेवतात. शॉर्ट सर्व्हिसमध्येही पुढे निवड झाली तरच कायम. म्हणून फॉर्म भरण्याआधी अम्मी-अब्बूंनी मुलीसोबत बसून तीन गोष्टी वाचाव्यात: सेवा किती वर्षांची, कायम होण्याची अट काय, आणि पेन्शन कधीपासून. नेमणुकीचा आणि मुदतवाढीचा प्रत्येक कागद जपून ठेवावा. त्या ३२ जणी कोर्टात उभ्या राहू शकल्या त्या १९९१ च्या धोरणाचा कागद दाखवून, आणि एकत्र राहून.

त्या अब्बांना आम्ही एवढंच म्हणालो, "पोरीला पळू द्या. पण अकरावीच्या फॉर्मवर काय लिहिताय ते आम्हाला दाखवून जा." ते पुढच्या शनिवारी मुलीला घेऊन येणार आहेत.