शेळीच्या पोटातले बिऱ्हाड

वेरूळला येणारा पाहुणा कैलास लेण्याकडे मान वर करून बघतो. त्याच्याही वर, डोंगरउतारावर चरणाऱ्या शेळ्या त्याला दिसत नाहीत. साहजिकच आहे. चौतीस लेणी पाहायची, घृष्णेश्वराचे दर्शन घ्यायचे, तर शेळीकडे कोण बघतो? पण पाऊस लागला, येळगंगेला पाणी आले, की हेच उतार हिरवे होतात, आणि त्या हिरवाईबरोबर शेळीच्या पोटात एक बिऱ्हाड जाऊन बसते. त्या बिऱ्हाडकरूंची नोंद ठेवण्याचे काम मराठवाड्यातच वर्षानुवर्षे चालले होते.

हे काम प्रा. जी. बी. शिंदे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांचे. वेरूळहून तासाभराच्या वाटेवर मराठवाडा विद्यापीठाचा प्राणिशास्त्र विभाग आहे. १९९४ पासून या विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव आहे. कामाची रीत अशी, की खाटिकखान्यातून शेळ्यामेंढ्यांची आतडी आणायची, उभी चिरायची, आतल्या भिंतीला चिकटलेले पट्टकृमी डोके न तुटू देता सोडवायचे, फॉर्मलीनमध्ये टाकायचे, रंग चढवायचा, काचपट्टीवर बसवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोजमापे घ्यायची. वासाची कल्पना वाचकांनीच करावी.

यातला मोनिएझिया हा मोठा गमतीचा प्राणी. लांबी पाच-सहा मीटरपर्यंत जाते, डोके मात्र टाचणीच्या टोकाएवढे. तोंड नाही, पोट नाही. शेळीने पचवलेले अन्न तो अंगानेच शोषून घेतो. पिकलेले तुकडे लेंड्यांबरोबर बाहेर पडतात, शिजलेल्या भातासारखे. तिथून तो पुन्हा शेळीत कसा जातो, हे कोडे बरीच वर्षे सुटत नव्हते. १९३७ साली अमेरिकेतल्या होरेस स्टंकार्ड यांनी ते सोडवले. गवताच्या मुळाशी राहणारा एक बारीक किडा, ऑरिबॅटिड माइट, ही अंडी खातो आणि गवताबरोबर शेळी त्या किड्याला खाते.

शिंदे आणि त्यांच्या शिष्यांनी अशा कृमींच्या कितीतरी नव्या जाती नोंदवल्या. एका मोनिएझियाच्या नावात तर औरंगाबादच आहे. शहराचे नाव २०२३ मध्ये बदलले. जंताचे बदलता येत नाही, शास्त्राचा तसा नियमच आहे! या जाती खरोखर वेगळ्या, की थोड्याथोड्या फरकावरून वेगळ्या मानलेल्या, असा वाद पुढे झाला. डीएनए तपासण्याची सोय आल्यावर अशा पुष्कळ नावांकडे शंकेने पाहिले जाते. मला त्यात कमीपणा वाटत नाही. आपल्या मुलखातल्या शेळीच्या पोटात काय आहे, हे कोणीतरी एकदा उघडून पाहायला हवेच होते.

मात्र शेळीवाल्याचा खरा सावकार हा पट्टकृमी नव्हे. तो हिमाँकस. दोन-तीन सेंटिमीटरचा, लाल-पांढऱ्या पिळाचा, शेळीच्या चौथ्या कोठ्यात राहून रक्त पिणारा. एक जंत दिवसाला ०.०५ मिलिलिटर रक्त घेतो. जन्मभर खतावण्या तपासलेला माणूस म्हणून हिशेब मांडतो. हजार जंत म्हणजे रोज ५० मिलिलिटर. पंचवीस किलोच्या शेळीच्या अंगात रक्त असते पावणेदोन लिटरच्या आसपास. हे व्याज कोणते जनावर फेडील? जबड्याखाली पाणी उतरते, डोळे पांढरे पडतात आणि एके सकाळी शेळी उठत नाही.

आमच्या नोकरीच्या काळात एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमातून शेळ्यांसाठी कर्जे दिली जात. दहा शेळ्या आणि एक बोकड. मेलेल्या शेळीच्या कानातला बिल्ला आणि डॉक्टरचा दाखला विम्याच्या कागदाला जोडलेला असे. मरणाचे कारण एका ओळीत. त्या ओळीमागे कुणाच्या पोरीची शाळेची फी असे, तर कुणाच्या घरचे बाळंतपण.

या जंताची पिल्ले दवाने ओल्या गवतावर चढून बसतात. म्हणून पावसाळ्यात दव उतरल्यावर शेळ्या सोडाव्यात, असे जाणकार सांगतात. शेळी मुळात झाडपाला ओरबाडणारी. बोर-बाभळीची झुडपे तुटली की ती मान खाली घालून गवत खाते, आणि जंत वाढतात. औषध आहे, पण शेळीचे शरीर पुष्कळ औषधे मेंढीपेक्षा लवकर निकामी करते. मेंढीचाच डोस शेळीला पाजला तर तो अपुरा पडतो, चिवट जंत उरतात आणि त्यांचीच पैदास होते. सगळ्या कळपाला सरसकट पाजत राहिल्यानेही तेच होते.

यावर दक्षिण आफ्रिकेत एक साधा तक्ता निघाला, फामाचा नावाचा. शेळीच्या खालच्या पापणीच्या आतला रंग पाहायचा आणि लाल ते पांढरा अशा पाच छटांशी ताडून बघायचा. फिकट दिसेल तिलाच औषध. वेरूळच्या एका मावशींना मी हे सांगितले, तेव्हा त्यांनी जवळच्या काळ्या शेळीची पापणी अंगठ्याने खाली ओढून मला दाखवली. "हिचं रगात बरं हाय," त्या म्हणाल्या, "पल्याडच्या पाटीचं बघा."